आप्पांच्या वहीवरची बुरशी

लालबागच्या आमच्या खोलीत जुलै महिना नाकाला आधी कळायचा. कपाट उघडलं की ओलसर, मातकट, किंचित गोडसर वास यायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "लागला बघ बुरा." मग पापडाचे डबे, चामडी पट्टे, लग्नातले बूट, ट्रंकेच्या तळाशी गेलेली कागदपत्रं, सगळं पंख्याखाली खाटेवर यायचं. त्या पसाऱ्यात आप्पांची वहीही असायची.

आप्पा म्हणजे माझे सासरे. गिरणीच्या रंगखात्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. १९८२चा संप झाला, त्यांची गिरणी परत पूर्वीसारखी चालली नाही, आणि त्यांच्या हातात उरली ती ही वही. कातडी पाठीची, जाड. पानापानावर बोटभर कापडाचे तुकडे डिंकाने चिकटवलेले आणि शेजारी बारीक अक्षरात प्रमाण: रंग किती, कॉस्टिक (धुण्याच्या सोड्याहून कितीतरी तीव्र अल्कली) किती, हायड्रो किती, जिगर या रंगाच्या यंत्रावर किती फेऱ्या. एखाद्या तुकड्याखाली फक्त एक शब्द असे, 'पक्का'. काहींखाली 'कच्चा'.

१९९७च्या जुलैत मी त्यांच्या घरात नवी सून होते आणि बुरशीतल्या रंगद्रव्यांवर पीएच.डी. करत होते. दुसरं वर्ष चालू होतं आणि हाताला काहीच लागत नव्हतं. आप्पा वहीची पाठ ओल्या फडक्याने पुसायला निघाले, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. सुनेने सासऱ्यांचा हात असा धरायचा नसतो, हे मला नंतर सुचलं.

"आप्पा, पुसू नका."

"का गं?"

"मला हवी आहे."

"बुरशी?"

मी पर्समधून भिंग काढलं आणि त्यांना दाखवलं. कातड्यावर राखाडी-हिरवी भुकटी पसरलेली होती. तिच्यात मोहरीहून कितीतरी बारीक, पिवळेधमक मणी. आणि मण्यांच्या खाली, कातड्याला लगटून, गंजासारख्या तांबड्या धाग्यांचं जाळं. एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत तीन रंग. आप्पांनी भिंग बराच वेळ डोळ्यापासून काढलं नाही. मग विचारलं, "हा तांबडा पक्का हाय का कच्चा?"

पुढची अडीच वर्षं मी त्यांच्या याच प्रश्नापाशी घुटमळत राहिले, असं आज वाटतं.

ती बुरशी ॲस्परजिलस ग्लॉकस या गटातली निघाली. कोरड्यात जगण्यात हा गट पटाईत. इतर बुरशींना ओल लागते, याला हवेतला दमटपणाच पुरतो. म्हणून कातडं, पुस्तकांच्या बांधण्या, पापड, साखरेत मुरवलेले पदार्थ ही याची ठिकाणं. जपानमध्ये बोनिटो मासा वाळवून लाकडासारखा टणक करतात, त्यावर मुद्दाम याच गटातली बुरशी चढवतात, ती आतलं पाणी ओढून घेते. चीनमध्ये विटेसारख्या दाबलेल्या एका चहात ही पिवळ्या मण्यांच्या रूपात वाढते आणि तिथले लोक त्याला सोनफुलं म्हणतात. आमच्याकडे तिला बुरा म्हणून फडक्याने पुसतात. हिरवी भुकटी म्हणजे तिचे बीजाणू, पिवळे मणी म्हणजे तिची फळं म्हणावीत अशी, आणि तांबडे धागे म्हणजे अंगावर रंगाचे खडे साचलेले तंतू.

प्रयोगशाळेत तिला वाढवायचं तर साखर भरपूर लागते, साध्या माध्यमापेक्षा कितीतरी जास्त. त्यात आणखी एक सोय होती: इतक्या गोड पाण्यात बाकीच्या बुरशी मागे पडतात. मुंबईच्या पावसाळ्यात ही सोय लहान नव्हे. तरी माइट आलेच. डोळ्याला धड न दिसणारे हे जीव एका प्लेटमधून दुसऱ्या प्लेटमध्ये पायी फिरतात आणि पायांना लागलेले बीजाणू सगळीकडे पेरतात. दोनदा सगळं टाकून पहिल्यापासून सुरुवात केली. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. फ्लास्क धुणं हेच त्या वर्षाचं मुख्य काम होतं.

तिसऱ्या आठवड्यात फ्लास्कच्या तोंडाशी बुरशीची साय धरायची. वरून हिरवट-पिवळी, आणि फ्लास्क उचलून खालून पाहिलं तर विटकरी लाल. ती साय गाळायची, वाळवायची, कुटायची, आणि एकामागून एक द्रावकांनी धुवायची. हेक्झेन घातलं की पिवळा रंग उतरायचा. हा पिवळा आणि त्याचा नारिंगी भाऊ म्हणजे फ्लेव्होग्लॉसिन आणि ऑरोग्लॉसिन. त्यांची घडण वेगळीच, त्यांची गोष्ट आज नको. माझं लक्ष मागे उरलेल्या तांबड्यावर होतं. क्लोरोफॉर्ममध्ये तो उतरला तेव्हा फ्लास्क कुंकवाच्या पाण्यासारखा दिसला आणि मला त्या दिवशी जेवणही सुचलं नाही. द्रावक उडवला, पुन्हा विरघळवला, थंड केला. सकाळी भिंतीवर लाल सुया उभ्या होत्या.

चाळीस फ्लास्कांमधून मिळालेल्या त्या सुया चिमटीतही मावल्या असत्या. पण त्या चमकत होत्या, टीएलसी प्लेटवर (पदार्थ वेगळे करून शुद्धता तपासायची पट्टी) एकच ठिपका देत होत्या, आणि मी घरी येऊन आप्पांना सांगितलं, "तुमचा तांबडा सापडला."

इथे थोडं मागे जायला हवं.

बुरशीच्या रंगांचा पद्धतशीर शोध ज्या माणसाने घेतला तो हॅरॉल्ड रेस्ट्रिक. सुरुवातीची आठ वर्षं तो स्कॉटलंडमध्ये नोबेलच्या स्फोटकांच्या कंपनीत बुरशींवर काम करत होता, आणि १९२९पासून लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्राध्यापक झाला. एकेक बुरशी घ्यायची, वाढवायची, ती काय काय बनवते ते स्फटिकरूपात बाहेर काढायचं आणि त्याची घडण लावायची, हा त्याचा आयुष्यभराचा उद्योग. १९३१ मध्ये त्याने आणि सहकाऱ्याने सिट्रिनिन हा पिवळा पदार्थ काढला. १९३२ मध्ये त्याच्या गटाने फ्लेमिंगची पेनिसिलियम बुरशी हाती घेतली. तिचं पाणी पिवळं पडतं. तो पिवळा रंग त्यांनी शुद्ध केला, त्याला क्रायसोजेनिन नाव दिलं, आणि जंतू मारणारा पदार्थ हा नव्हे, हे नीट दाखवून दिलं. पेनिसिलिन मात्र इथरमधून परत काढताना त्यांच्या हातून निसटलं. ते मिळायला १९४० साल उजाडावं लागलं. मला ही हकीकत पहिल्यांदा वाचताना हळहळ वाटली होती. आता वाटतं, त्यांनी एक फार कठीण गोष्ट केली होती: डोळ्यांत भरणाऱ्या रंगाला 'तू तो नव्हेस' असं सांगितलं होतं. डोळा रंगामागे धावतो. बुरशीवर काम करणाऱ्याला डोळ्याला आवरणं शिकावं लागतं, आणि मला ते तोवर आलेलं नव्हतं.

लाल सुया मी पवईला आयआयटीच्या उपकरण केंद्रात दिल्या आणि एनएमआरचा लांबलचक कागद हातात आला. ज्यांनी असा कागद पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: रेणूतला प्रत्येक हायड्रोजन आपण कुठे बसलोय, शेजारी कोण आहे, हे एका खांबाच्या रूपात सांगतो, आणि खांबाचं क्षेत्रफळ मोजलं की तिथे किती हायड्रोजन आहेत ते कळतं. एक, दोन, तीन. पूर्ण आकडे. माझ्या कागदावर आकडे पूर्ण येत नव्हते. अडीचच्या आसपास काहीतरी, दीडच्या आसपास काहीतरी. एका मिथिलच्या (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जागी दोन खांब, एक उंच, एक बुटका. रेणूचं वजन सांगणाऱ्या वस्तुमान वर्णपटात ३०० हा आकडा होता आणि २८४ही होता. मी स्वतःची समजूत घातली की ३०० हा रेणू आणि २८४ हा त्याचा ऑक्सिजन गळून उरलेला तुकडा.

माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक सरांनी कागद दिव्याखाली धरला. ते कधी रागवायचे नाहीत. म्हणाले, "एकटा ऑक्सिजन असा सहज सोडून जात नाही. आणि बेरीज पूर्ण आकड्यात येत नसेल तर पदार्थाला दोष देऊ नकोस. आपल्या शुद्धतेकडे बघ." मग म्हणाले, "ग्रंथालयात जा. १९३४ आणि १९३९."

नियतकालिकाच्या १९३४च्या खंडात गूल्ड आणि रेस्ट्रिक यांचा लेख होता. ॲस्परजिलस ग्लॉकस गटातून त्यांनी तीन स्फटिकरूप रंग काढले होते: पिवळा फ्लेव्होग्लॉसिन, नारिंगी ऑरोग्लॉसिन आणि तांबडा रुब्रोग्लॉसिन. माझा तांबडा. मी भराभर १९३९चा खंड उघडला. अ‍ॅश्ली, रेस्ट्रिक आणि रिचर्ड्स. त्यात लिहिलं होतं की रुब्रोग्लॉसिन नावाचा एक पदार्थ नाहीच. ते दोन पदार्थांचं मिश्रण आहे, फिस्किऑन आणि एरिथ्रोग्लॉसिन. पाच वर्षांनी त्याच गटाने आपलाच पदार्थ खोडून त्याच्या जागी दोन लिहिले होते.

साठ वर्षांनंतर, त्यांच्याकडे नव्हती अशी सगळी यंत्रं हाताशी असताना, मी नेमकी त्याच खड्ड्यात पडले होते. मला लाज वाटायला हवी होती. पण मी ग्रंथालयाच्या लाकडी बाकावर बसले आणि मला भरून आलं. कारण माझ्या सुया खोट्या नव्हत्या. लालबागच्या एका वहीवरची बुरशी लंडनच्या बुरशीसारखंच वागली होती.

सिलिका जेलवर, म्हणजे त्या प्लेटवरच्या पांढऱ्या थरावर, हे दोन रंग एकमेकांच्या अंगावरून घसरतात, ठिपक्याला शेपूट येतं, आणि दोन ठिपके एकाच्या शेपटीत दुसरा असे लपतात. उपाय जुना आहे: सिलिकाला आधी ऑक्झॅलिक आम्ल पाजायचं. शेपट्या आखडतात. तसा कॉलम भरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काचेच्या नळीत पिवळा पट्टा आणि लाल पट्टा यांच्यामध्ये बोटभर पांढरी सिलिका दिसली. कितीतरी वेळ मी नळ बंद करून नुसती त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत बसले होते.

मग कागद बोलू लागले. फिस्किऑन: कार्बनचे १६ अणू, हायड्रोजनचे १२, ऑक्सिजनचे ५, वजन २८४. एरिथ्रोग्लॉसिन: सगळं तेच, फक्त ऑक्सिजन ६, वजन ३००. एका ऑक्सिजनचा फरक. त्या एका जास्तीच्या ऑक्सिजनमुळे रेणू निळ्याऐवजी निळा-हिरवा प्रकाश गिळतो आणि पिवळ्याचा लाल होतो. पिवळ्याच्या एनएमआरमध्ये, कागदाच्या मोजपट्टीवर १२च्या पुढे दोन खांब होते, १२.१ आणि १२.३. लालमध्ये तसे तीन. इतक्या लांब, कागदाच्या कडेला, फक्त तोच हायड्रोजन जाऊन बसतो जो एका ऑक्सिजनवर असून शेजारच्या कार्बोनिल ऑक्सिजननेही ज्याला धरून ठेवलेलं असतं. दोन्ही हातांनी धरलेलं मूल जसं.

हे दोन्ही रंग अँथ्राक्विनोन कुळातले. तीन कडी शेजारी शेजारी, मधल्या कडीवर दोन ऑक्सिजन. या कुळाचा सांगाडा पहिल्यांदा १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी बर्लिनमध्ये उघडा पाडला. मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतला अलिझरिन हा लाल रंग त्यांनी जस्ताच्या भुकटीबरोबर तापवला, त्याचे सगळे ऑक्सिजन हिरावून घेतले, आणि उरला तो नुसता तीन कड्यांचा सांगाडा, अँथ्रासीन. वर्षभरात अलिझरिन कारखान्यात करता येऊ लागला. आपल्या मंजिष्ठेतल्या एका रंगाला तर रसायनशास्त्राने मुंजिस्टिन असंच नाव दिलं आहे. लाखेचा लाल रंगही याच कुळातला. माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागाचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले, आणि तिथे त्यांनी लाखेतल्या त्या रंगांची घडण उलगडण्याचं काम केलं. आणि आप्पांच्या वहीतले कितीतरी तुकडे, ज्यांच्याखाली 'पक्का' लिहिलंय, ते याच कुळातल्या कारखानी रंगांनी रंगलेले. वहीच्या आत अँथ्राक्विनोन आणि वहीच्या पाठीवरही.

फिस्किऑन फिस्किऑनच आहे याची खात्री मी टाकळ्याने केली. पावसाळ्यात लालबागच्या बाजारात टाकळ्याच्या जुड्या येतात, सासूबाई त्याची भाजी करायच्या. त्याच्या बियांत फिस्किऑन असतं. काष्ठौषधीच्या दुकानातून बिया आणल्या, त्यातून रंग काढला, आणि बुरशीचा व बियांचा कण एकत्र कुटून तापवला. दोन वेगळे पदार्थ मिसळले की ते लवकर वितळतात. हे लवकर वितळले नाहीत. युरोपात भिंतींवर, कौलांवर झान्थोरिया नावाचं नारिंगी-पिवळं दगडफूल वाढतं, त्याच्या अंगावरचा रंगही हाच. तिथे तो निळ्या प्रकाशापासून छत्रीसारखा आडोसा करतो. भाजीचं झुडूप, भिंतीवरचं दगडफूल, वहीवरचा बुरा. बुरशी हा रेणू बांधते ते व्हिनेगरमधल्या आम्लाचे दोन-दोन कार्बनचे तुकडे एकापुढे एक ओवून. आठ तुकडे, मग ती माळ स्वतःवर दुमडते, कडी होतात, एक कार्बन गळतो. हे असंच होत असणार, हे १९५३ मध्ये आर्थर बर्च यांनी मांडलं आणि १९५५ मध्ये किरणोत्सारी कार्बनची खूण घातलेले तुकडे एका पेनिसिलियमला खाऊ घालून तिच्या एका आम्लावर पडताळून दाखवलं.

ज्या दिवशी सगळं जुळलं त्या संध्याकाळी मी गाळणकागदाच्या दोन पट्ट्या घरी नेल्या. एकीवर पिवळा वाळवलेला, एकीवर लाल. आप्पा खाटेवर बसले होते. मला त्यांना एक गंमत दाखवायची होती. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या बायकांना तर ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. अल्कली मिळाली की रंग आपला हायड्रोजन सोडतो आणि लाल होतो. माझा पिवळाही तसाच लाल होईल, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आणि सासूबाईंकडून धुण्याचा सोडा मागून पाण्यात कालवला. पट्टी बुडवली.

काही झालं नाही. पिवळी ती पिवळीच.

मी परत बुडवली. सासूबाई म्हणाल्या, "सोडा शिळा असंल." आप्पांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, बोटांत चोळून पाहिली.

"सोड्यानं काय हुतंय," ते म्हणाले. "रंगखात्यातला नॅप्थॉल पण सोड्यात विरघळत न्हाई. धरून बसलेला असतो. त्याला कॉस्टिक लागंल."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. एनएमआरच्या कागदावर १२च्या पुढे उभे असलेले ते दोन खांब हेच तर सांगत होते. दोन्ही हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनने धरून ठेवलेले, सौम्य सोड्याला न सोडणारे. पुस्तकांतही ही खूण आहे: या कुळातले काही भाऊ सोड्यात उतरतात, फिस्किऑन उतरत नाही. मी ते वाचलं होतं आणि विसरले होते. आप्पांच्या हातांना त्यांच्या टाक्यांनी तेच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून कॉस्टिकचे थेंब लावून पट्ट्या आणल्या. पिवळी लाल झाली होती, लाल जांभळी. आप्पांनी त्या वाळू दिल्या. मग वही मागवली. पाठीवर जिथून मी बुरशी खरवडून घेतली होती तिथे कातड्यावर फिकट चट्टा राहिला होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. शेवटच्या कोऱ्या पानावर डिंकाने चार पट्ट्या ओळीने चिकटवल्या, पिवळी, तिची लाल झालेली, लाल, तिची जांभळी झालेली. मला नावं विचारली. मी सावकाश सांगितली, त्यांनी तशीच लिहिली. एरिथ्रोग्लॉसिन लिहिताना दोनदा खोडलं.

"आता पक्का की कच्चा ते सांग."

मी सांगितलं की तुरटी लावलेल्या सुती चिंधीवर बसवून पाहिला होता. दोन धुण्यांत फिका पडला.

त्यांनी मान हलवली आणि 'पक्का', 'कच्चा' यातलं काहीच लिहिलं नाही. पहिल्या पट्टीखाली त्यांच्या बारीक अक्षरात एवढंच आहे: 'फिस्किऑन. वहीवरचा बुरा. सोड्यात नाही. कॉस्टिकमध्ये लाल.'